मुहूर्तावर मोडलेला हात

चोपडेबाबूंचा उजवा हात मोडला, याबद्दल खामगावात कोणाचंच दुमत नव्हतं. एक्स-रे होता, हाताच्या आत बसवलेली स्टीलची पट्टी होती, आणि त्या पट्टीचं बिल तर पट्टीपेक्षाही लांब होतं. दुमत होतं ते हा हात कुठे मोडला याबद्दल. दवाखान्याच्या कागदावर तो चोपड्यांच्या घरच्या बाथरूममध्ये मोडला होता. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे अश्विनीबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तो मोतीलालशेठच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात मोडला होता. आणि खुद्द प्रेमानंद चोपडे, ज्यांचा तो हात, ते कोण विचारतंय हे पाहून उत्तर देत.

खरं सांगायचं तर हात जिनिंगमध्येच मोडला, आणि तोही चांगला वाजतगाजत. कापसाच्या हंगामाचा मुहूर्त होता. जिनिंगमध्ये मुहूर्ताची रीत ठरलेली असते. कापसाची पहिली गाडी वजनकाट्यावर येते, काट्याची पूजा होते, नारळ फुटतो, गाडीवाल्या शेतकऱ्याला शेला-टोपी देतात, बैलांना कुंकू लावतात आणि पेढे वाटतात. हल्ली सगळा कापूस पिकअपमध्ये येतो. पण पिकअपच्या बोनेटला कुंकू लावतानाचा फोटो काही शोभत नाही, म्हणून शेठ दरवर्षी जवळच्या खेड्यातल्या रामरावांची बैलगाडी खास बोलावून घेत. रामरावांचे बैलही आता इतके सरावले होते की फोटोग्राफर दिसला की आपणहून मान वर करत.

चोपडेबाबू या जिनिंगचे काटाबाबू. गाडी काट्यावर चढली की वजन पाहायचं, मोठ्यानं सांगायचं आणि पावती फाडायची, हे काम ते लग्नाच्या आधीपासून करत होते. मुहूर्ताला रामरावांच्या गळ्यात हार घालण्याचा मानही त्यांचाच. त्या दिवशी त्यांनी फेटा बांधला होता. नारळ काट्याच्या लोखंडी पत्र्यावर फुटला, पाणी पत्र्यावर पसरलं, चोपडेबाबू हार घेऊन पुढे झाले आणि फोटोग्राफर म्हणाला, "बाबू, थोडेसे मांगं सरका, शेठ दिसून नाई राह्यले."

चोपडेबाबू हे सांगितलेलं ऐकणारे गृहस्थ. ते मागे सरकले. मागे काटा संपत होता. पाय नारळाच्या पाण्यावरून सटकला आणि बाबू हारासकट खालच्या सिमेंटवर आले. पडताना त्यांनी उजवा हात टेकवला, आणि हात म्हणाला की आपल्याला हे झेपायचं नाही.

इथे दुसऱ्या एखाद्या माणसानं बोंब मारली असती. चोपडेबाबूंनी आधी शेठकडे पाहिलं. शेठ दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि त्यांचा चेहरा कापसासारखा पांढरा झाला होता. मुहूर्ताच्या दिवशी, पूजेच्या जागी, काट्यावरून माणूस खाली पडणं म्हणजे काय हे जिनिंगच्या धंद्यात कोणाला सांगावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात झालं असतं की औंदा मोतीलालशेठचा मुहूर्त फसला. चोपडेबाबू ताडकन उठले, फेटा सावरला आणि म्हणाले, "काई नाई झालं, शेठ! काई नाई झालं!"

"पक्का?" शेठ म्हणाले.

"एकदम."

"चलो फिर, फोटो घ्या," शेठ म्हणाले, आणि फोटो निघाला. चोपडेबाबूंनी मोडका हात पाठीमागे धरला होता आणि ते हसत होते.

पेढे वाटून झाल्यावर त्यांना घेरी आली, तेव्हा जिनिंगच्या ड्रायव्हरनं त्यांना दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कसं लागलं?" ड्रायव्हर शेजारीच उभा होता, आणि ड्रायव्हरच्या कानात पडलेली गोष्ट चहाच्या टपरीवर पोचायला वेळ लागत नाही. चोपडेबाबू म्हणाले, "घरी. बाथरूममधी घसरलो." कपाळावर कुंकवाचा टिळा, खांद्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि डोक्याला गुलाबी फेटा, अशा थाटात आंघोळीला जाणारा माणूस त्या मुलीनं आधी पाहिला नसावा, पण तिनं 'बाथरूम' असं लिहून घेतलं.

या एका शब्दानं चोपड्यांच्या घरात जो भडका उडाला, तो पट्टी बसवूनही शांत झाला नाही. अश्विनीबाईंचं बाथरूम हे त्यांच्या संसारातलं एक अभिमानस्थळ होतं. त्या ते रोज घासत. आता समाचाराला येणारी प्रत्येक बाई आधी बाबूंच्या हाताकडे पाही, मग हळूच मागच्या बाजूला जाऊन फरशी अंगठ्यानं घासून बघे. "शेवाळ असतेच वो, दिसत नाई," असं म्हणून एकीनं फरशीला ॲसिड मारायला सांगितलं. दुसरीनं फरशीच उखडून खडबडीत टाइल बसवायचा सल्ला दिला आणि आपल्या भाच्याचा नंबर दिला. भाचा टाइलचं काम करत होता. अश्विनीबाईंची मोठी नणंद फोनवर म्हणाली, "आमच्या प्रेमानंदले लहानपणापासून एवढंसंबी कधी लागलं नोतं." या वाक्यातला बाण अश्विनीबाईंनी अचूक ओळखला आणि त्या दिवशी बाबूंना अळणी भाजी मिळाली.

कळस केला तो मोतीलालशेठनी. ते सफरचंदं घेऊन समाचाराला आले, बाबूंच्या उशाशी बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाथरूम में जरा संभालके, बाबू. उमर झाली आपली." ड्रायव्हरनं आत आणून ठेवलेल्या पिशवीत रबराची मॅट होती, न घसरणारी. चोपडेबाबूंनी ती डाव्या हातानं घेतली आणि म्हणाले, "कायले तरास घेतला, शेठ."

शेठची गाडी वळली आणि अश्विनीबाईंनी मॅट अंगणात फेकली.

"अवो, त्यांच्या काट्यावर पडले तुम्ही, अन् मॅट माह्या बाथरूमले? तुमाले काई वाटून राह्यलं की नाई? पोरीच्या होस्टेलचे पैसे दवाखान्यात गेले. ते गेले तर गेले. पण ते कुठं गेले हे तरी खरं लिहून घ्या ना!"

मुलीच्या, म्हणजे मयुरीच्या होस्टेलचे पैसे खरंच गेले होते. ती बारावीला होती, पुढच्या वर्षी अकोल्याला फार्मसीला जायचं म्हणत होती, आणि घरात कोणी तिच्यासमोर आकडा उच्चारत नव्हतं. ती रोज वडिलांच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि अकोल्याचं नाव काढायची नाही. चोपडेबाबूंना हात जेवढा दुखत नव्हता तेवढं हे दुखत होतं.

अशा वेळी माणसाला शेजारी असतात. चोपड्यांच्या शेजारी भगवानराव होते. ते एसटीतून रिटायर झालेले असल्यानं त्यांना सर्व कायदे माहीत होते. ते गच्चीवरून म्हणाले, "प्रेमानंदभाऊ, ड्युटीवर पडले ना तुम्ही? मंग भीक कायची मागता? कायदा हाय. कामावर माणूस पडला की मालकानं भरपाई द्याची. आमच्या डेपोत एकाच्या पायावर टायर पडलं होतं, त्यानं घर बांधलं."

"टायरवर?" चोपडेबाबूंनी विचारलं.

"भरपाईवर!"

मग सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणालं युनियनकडे जा, पण जिनिंगमध्ये युनियन नव्हती. कोणी म्हणालं आमदाराकडे जा. एका गृहस्थानं तर, आता मोडलाच आहे तर डावाही थोडा दुखतो असं सांगा, असाही उपाय सुचवला. शेवटी भगवानरावांनी बुलढाण्याच्या एका वकिलाचं नाव काढलं, आणि दोघं एसटीनं बोथ्याचा घाट चढून बुलढाण्याला गेले. घाटात भगवानराव प्रत्येक वळणावर सांगत होते की आपण असतो तर गिअर कधी टाकला असता. एसटीत ते वाहतूक नियंत्रक होते, गाडी त्यांनी कधीच चालवली नव्हती, पण चोपडेबाबूंनी मान डोलावली. दुसऱ्याचा हिरमोड करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

गजेंद्र वकील तरुण होते आणि बोलण्यात चटपटीत होते. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, दवाखान्याचा कागद पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाथरूम कोणी लिहिलं हे?"

"मीच सांगतलं."

"काऊन?"

"मुहूर्त होता ना."

वकिलांनी थोडा वेळ वाट पाहिली, पण एवढंच उत्तर होतं. "बरं. फोटो हायत म्हणता ना मुहूर्ताचे?" चोपडेबाबूंनी मोबाइल पुढे केला. वकिलांनी फोटो मोठा करून पाहिला. "पडल्यानंतरचा हा?"

"हो."

"मंग तुम्ही एवढे खूश काऊन दिसून राह्यले? या फोटोत सगळ्यात आनंदी माणूस तुम्हीच हाव, बाबू. रामराव तरी जरा उदास दिसते."

"फोटोग्राफर हसा म्हणला," चोपडेबाबू खाली पाहत म्हणाले.

"पडतानाचा नाई का एखादा?"

"होता. त्यानं तो डिलीट केला. शेठच्या ग्रुपवर अपशकुन कायले पाठवा म्हणून."

तरीही दावा होऊ शकतो, असं गजेंद्र वकील म्हणाले. वकील असं म्हणतातच. पण आधी मालकाला नोटीस द्यावी लागेल. नोटीस रीतसर टाइप झाली. चोपडेबाबूंनी ती वाचली आणि त्यांना घाम फुटला. तीत शेठना नुसतं 'तुम्ही' म्हटलं होतं आणि 'तुमच्या निष्काळजीपणामुळे' असे शब्द होते. वकिलांची विनवणी करून त्यांनी वर 'आदरणीय' घालायला लावलं आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा' असावं असं सुचवलं. वकिलांनी लोभ मात्र ठेवू दिला नाही.

ही नोटीस आपणच नेऊन द्यावी, पोस्टानं पाठवणं बरं दिसत नाही, असं बाबूंना वाटलं. ते ती खिशात घालून कामावर गेले. शेठनी चहा मागवला, हाताची चौकशी केली, अन् जाताना मिठाईचा डबा दिला. बाबू डबा घेऊन घरी आले. नोटीस खिशातच होती. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, फक्त मिठाईऐवजी फरसाण होतं. तिसऱ्या दिवशी अश्विनीबाईंनी स्वतः जाऊन ती रजिस्टर पोस्टानं पाठवली.

आता एक गोष्ट अशी की, हात मोडल्यापासून बाबूंना काट्यावरून काढून ऑफिसात बसवलं होतं आणि जिनिंगचं टपाल घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पोस्टमन आला, त्यानं पाकीट पुढे केलं, आणि चोपडेबाबूंनी आपल्याच नोटिशीवर डाव्या हातानं सही करून ती ताब्यात घेतली. आवक नंबर टाकला. कायद्याप्रमाणे नोटीस मालकाला मिळाली होती. प्रत्यक्षात ती शेठच्या टेबलावरच्या ढिगाऱ्यात सर्वांत खाली होती, आणि ढीग जसजसा कमी होई तसतसं बाबू वरून नवे कागद टाकत. वीजबिलं, सरकीच्या तेलाचे दर, कुठल्याशा बियाणे कंपनीची कॅलेंडरं, जे मिळेल ते. असे बरेच दिवस गेले. एकदा बाबू जेवायला गेले असताना शेठना आपला चष्मा सापडेना म्हणून त्यांनी सगळा ढीग उपसला.

बाबू परत आले तेव्हा नोटीस टेबलाच्या मध्यभागी होती. शेठ ती वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी ती घडी करून खणात ठेवली आणि म्हणाले, "चहा झाला का, बाबू?"

"हो, शेठ."

बस, एवढंच. त्यानंतर शेठ त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. रोज चहा येत होता, रोज हाताची चौकशी होत होती. चोपडेबाबूंना शिव्या चालल्या असत्या. या चहानं मात्र त्यांची झोप उडाली. महिनाभरानं उत्तर आलं ते शेठच्या विमा कंपनीच्या वकिलाचं, की अर्जदार दवाखान्याच्या कागदानुसार स्वतःच्या घरी, स्वतःच्या बाथरूममध्ये, स्वतःच्या हलगर्जीपणानं पडलेला आहे. अश्विनीबाईंनी हे तीन वेळा 'स्वतःच्या' असलेलं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि ताबडतोब दावा लावायला सांगितलं.

दाव्यासाठी हात किती टक्के निकामी झाला हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं लागतं. टक्के हा प्रकार चोपडेबाबूंना अपमानास्पद वाटला. पण गल्लीत त्यावर उत्साहानं चर्चा झाली. भगवानरावांच्या मते चाळीसच्या खाली घेऊच नये. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी बाबूंची तालीम घेतली. "हात खांद्याच्या वर जात नाई ना? मंग नेऊ नका. डॉक्टरनं नमस्कार केला तं डाव्या हातानं करजा. डोक्यावर माशी बसली तं बसू द्या."

यात खोटं काहीच नव्हतं. बाबूंचा हात खरोखरच खांद्याच्या वर जात नव्हता. नेला तर डोळ्यांपुढे काजवे चमकत. त्यांना नाटक करायचंच नव्हतं, फक्त हात जसा आहे तसा ठेवायचा होता.

बुलढाण्याला तपासणी चांगली झाली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं हात हळुवार वाकवून पाहिला, इथे दुखतं का, तिथे दुखतं का विचारलं, कागदावर काहीतरी लिहिलं. हात वर करा म्हणाला, तेव्हा तो छातीपर्यंत आला आणि थांबला. बाबूंच्या कपाळावर घाम आला. डॉक्टरानं मान हलवली आणि पुन्हा लिहिलं. बाहेर बाकावर बसलेले भगवानराव दाराच्या फटीतून बघत होते आणि त्यांच्या मते त्या क्षणी पस्तीस टक्के तरी झाले होते.

काम संपलं. डॉक्टर खुर्चीतून उठला, कपाटातून स्टीलचा डबा काढला आणि म्हणाला, "काल शेगावले गेलो होतो. महाराजांचा प्रसाद. घ्या."

आता शेगावच्या गजानन महाराजांचा प्रसाद समोर आल्यावर या जिल्ह्यातला माणूस काय करतो? डावा हात पुढे करतो? चोपडेबाबूंच्या सात पिढ्यांत असं कोणी केलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात दावा, टक्के, मयुरी, बाथरूम यांतलं काहीही आलं नाही. उजवा हात आपणहून पुढे गेला. त्यावर साखरफुटाणे पडले. आणि मग, जसं आईनं लहानपणी शिकवलं होतं तसा, तो हात प्रसादासकट वर गेला, खांद्याच्या वर, थेट कपाळापर्यंत, आणि तिथे टेकला.

बाहेर भगवानरावांनी डोळे मिटून घेतले.

बाबूंच्या हातातून कळ मस्तकापर्यंत गेली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डॉक्टर ते पाहून गहिवरला. "एवढी श्रद्धा आजकाल कुठं राह्यली, काका," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष कपाळाला टेकलेल्या हाताकडे गेलं. तो क्षणभर घुटमळला, खाली बसला आणि लिहिलेल्या आकड्यावर काट मारली. आत हात किती दुखतो हे त्याला दिसण्यासारखं नव्हतं, आणि वर किती गेला हे दिसत होतं. बारा टक्के झाले.

परतीच्या एसटीत घाट उतरेपर्यंत भगवानराव बोलले नाहीत. घाट संपल्यावर ते म्हणाले, "खिशात तरी घ्याचा होता प्रसाद." चोपडेबाबूंनी त्यांना त्यातले चार दाणे दिले. भगवानरावांनी ते उजव्या हातानं घेतले आणि कपाळाला लावले.

सुनावणीच्या दिवशी अश्विनीबाई बरोबर आल्या. भरपाईचे दावे ऐकणारे साहेब मध्यम वयाचे, थकलेले आणि बऱ्याच गोष्टी ऐकून कान किटलेले होते. एका बाजूला विमा कंपनीचा वकील बसला होता, त्याच्यामागे मोतीलालशेठ, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. चोपडेबाबूंनी आत शिरल्याबरोबर सवयीनं त्यांना नमस्कार केला. शेठनीही हात जोडले. गजेंद्र वकिलांनी कपाळाला हात लावला.

पहिली साक्ष गाडीवाल्या रामरावांची होती. ते मुहूर्ताला मिळालेला शेला घेऊनच आले होते.

"मुहूर्ताच्या दिवशी चोपडे काट्यावरून पडले, हे तुम्ही पाहिलं?" गजेंद्र वकिलांनी विचारलं.

रामराव बराच वेळ शेल्याचं टोक चाळवत राहिले. "पडले असं मी म्हणणार नाई. माह्या गाडीचा मुहूर्त होता तो. तुमी मले दुसरं काईबी विचारा."

साहेब पुढे झुकले. "आधी ते काट्यावर होते?"

"होते."

"नंतर?"

"नंतर खाली होते."

"स्वतःहून उतरले?"

"नाई. उतराले येळ लागते, सायेब."

"म्हणजे घसरून खाली आले?"

"आले."

"मग पडलेच की."

"ते तुमी म्हणले, सायेब," रामराव घाईनं म्हणाले. "मी नाई म्हणलो. लिहा तसं."

साहेबांनी तसं लिहिलं. विमा कंपनीचा वकील उठला आणि दवाखान्याचा कागद फडकावत म्हणाला की, खुद्द जखमी माणसानं बाथरूम सांगितलं असताना गाडीवाल्याला काय दिसलं याला काय अर्थ? साहेबांनी चोपडेबाबूंना उभं केलं.

"चोपडे, तुम्ही सांगा. हात कुठे मोडला?"

चोपडेबाबू शेठकडे बघू लागले. वकील, शेजारी, बायको, रामराव, सगळ्यांनी हे वाक्य त्यांच्यासाठी आपापल्या परीनं म्हटलं होतं. त्यांनी स्वतः ते एकदाही, घरात आरशासमोरसुद्धा, मोठ्यानं म्हटलं नव्हतं. शेठ जमिनीकडे बघत होते. मागच्या बाकावरून अश्विनीबाईंच्या बांगड्या वाजल्या.

"जिनिंगमधी," बाबू म्हणाले. मग त्यांनी मोठ्यानं पुन्हा सांगितलं. "साहेब, मी शेठच्या काट्यावरून पडलो. मुहूर्तालेच पडलो. हात तिथंच मोडला. बाथरूमचं मी खोटं सांगतलं. शेठचं वाईट नको व्हाले म्हणून सांगतलं."

विमा कंपनीचा वकील पुन्हा कागद फडकवायला उठला, पण त्याच्यामागून मोतीलालशेठ उभे राहिले.

"साहब, मी बोलू? बाबू खरं बोलतो. पडला तो. मी दोनच हात दूर होतो. हड्डीचा आवाज मी स्वतः ऐकला, कडकन. लकडी मोडावी तसा." त्यांचा वकील कोटाची बाही ओढत होता, शेठनी ती सोडवून घेतली. "झूठ नाही बोलणार मी, भगवान की कसम."

"मग इतके दिवस का नाही सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"बाबू म्हणला काही नाही झालं. इतकी वर्षं काट्यावर तो जो आकडा बोलला तो मी कधी तपासला नाही. हेही तपासलं नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. मालकानंच मान्य केल्यावर भांडायला काही उरलं नाही. दावा मंजूर होणार हे विमा कंपनीच्या वकिलाच्या तोंडावरूनच कळलं. बारा टक्क्यांच्या हिशेबानं का होईना, मयुरीचं अकोला निघणार होतं. गजेंद्र वकिलांनी टेबलाखालून मूठ वळली. मागे अश्विनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कोर्टाच्या कागदावर त्यांचं बाथरूम निर्दोष ठरलं होतं.

एकटे चोपडेबाबू जागच्या जागी उभे होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठेतरी होतही होता, पण त्यांच्या कानात एकच शब्द राहिला होता. कडकन. आपण फेटा सावरून उठलो, हसलो, हात पाठीमागे लपवला, ते शेठना कळू नये म्हणून. शेठना कळलं होतं. शेठनी हाड मोडलेलं ऐकलं होतं, आणि त्यानंतर 'पक्का?' विचारलं होतं, आणि त्यानंतर फोटो घ्या म्हटलं होतं. सफरचंदं आणली तेव्हा त्यांना माहीत होतं. रोज चहा मागवताना माहीत होतं. इतक्या महिन्यांत चोपडेबाबूंना पहिल्यांदा त्या पडण्याचं खरोखर वाईट वाटलं.

बाहेर उन्हात शेठची गाडी उभी होती. ड्रायव्हरनं दार उघडलं होतं, आतून गार हवा येत होती. शेठ जवळ आले आणि नेहमीच्या मायेनं म्हणाले, "चला बाबू, बसा. वहिनी, तुम्ही पण. एसटीचे धक्के कशाला खायचे हाताला?"

अश्विनीबाईंनी गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. शेठनी काही दिलं आणि बाबूंनी ते घेतलं नाही, असं आजवर कधी घडलं नव्हतं.

"नाई, शेठ," चोपडेबाबू म्हणाले. "आम्ही एसटीनं जातो."

शेठ चमकले. त्यांनी बाबूंच्या तोंडाकडे नीट पाहिलं, इतक्या वर्षांत प्रथमच पाहत असल्यासारखं. "काय झालं, बाबू? नाराज झाले की काय माझ्यावर?"

"हाव, झालो," चोपडेबाबू म्हणाले.

आणि उद्या वेळेवर कामावर येतो असं सांगून ते अश्विनीबाईंना घेऊन स्टँडच्या रस्त्याला लागले.